मुद्दल राखून व्याज भोगावे : जुन्नरच्या डोंगरांतील भटकंती

निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात दुकान, गोदाम अथवा लघुउद्योग चालविणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या वाट्याला मोकळा दिवस फार क्वचित येतो. कारखान्यांच्या पाळ्या अखंड चालतात, मालाच्या गाड्या रात्री-अपरात्री येतात आणि दुकानाचे शटर उघडे ठेवावेच लागते. कधी सवड मिळालीच, तर गाडी लोणावळ्याकडे किंवा महाबळेश्वरकडे वळते. अर्धा दिवस वाहनांच्या रांगेत जातो, उरलेला अर्धा उपाहारगृहात. संध्याकाळी मुले दमून झोपतात आणि आपण काय पाहिले हे दुसऱ्या दिवशी कोणालाच धड सांगता येत नाही.

आपल्या उत्तरेला मात्र पुणे-नाशिक महामार्गाने अवघ्या ६५ ते ७० किलोमीटरवर जुन्नर आहे. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशी गावे मागे टाकीत डावीकडे वळले की सह्याद्रीच्या रांगांनी वेढलेले हे छोटेसे तालुक्याचे गाव लागते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत जुन्नरचा शिवनेरी आहे. त्यामुळे पुढील काळात येथे गर्दी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

अशा वेळी प्रेक्षणीय स्थळांची केवळ जंत्री देणे हा या लेखाचा हेतू नाही. बँकेच्या सेवेत ज्याचे आयुष्य ठेवी आणि कर्जे यांच्या हिशेबात गेले, त्याला जुन्नरच्या डोंगरांत एक निराळीच गोष्ट दिसते. येथे जे काही टिकून आहे, त्यातील पुष्कळसे कोणीतरी परक्या वाटसरूसाठी देऊन ठेवलेले आहे. देणाऱ्यांत राजे आणि अमात्य आहेत, तसेच धान्याचे व्यापारीही आहेत. जुन्नर पाहताना ही नोंद डोळ्यांसमोर ठेवली, तर आपण त्या डोंगरांत काय ठेवून येतो, हा प्रश्न आपोआप समोर उभा राहतो.

बाजारपेठेचे गाव

जुन्नरचा जन्मच व्यापारी मार्गावर झाला. कल्याण आणि सोपारा या कोकणातील बंदरांवर उतरलेला माल नाणेघाटाने वर चढत असे, जुन्नरला विसावत असे आणि पुढे पैठण व तेर या मोठ्या पेठांकडे जात असे. देशावरचा माल त्याच वाटेने खाली उतरे. सातवाहनांच्या काळापासून ही वाट वाहती आहे.

पुढील काळातही पेठेचे महत्त्व ओसरले नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नरच्या मोगली ठाण्यावर छापा घातला आणि तेथून द्रव्य व घोडे नेले. हात घालण्याजोगी संपत्ती त्या पेठेत होती, एवढे त्यावरून निश्चित कळते. जुन्नरचा हातकागद तर प्रसिद्धच होता. मराठेशाहीतील दफ्तरे जुन्नरी कागदावर लिहिली जात. आपल्या घरांत आजोबा-पणजोबांच्या कीर्द-खतावण्या जपून ठेवलेल्या असतील, तर त्या जाड, खरखरीत कागदाचा स्पर्श वाचकांना ठाऊक असेल. गावाच्या पूर्वेस हापूसबाग येथे एक देखणी घुमटी आहे. लोक तिला ‘सौदागर घुमट’ म्हणतात. शिवनेरीच्या घाईत बहुतेक पर्यटक ती न पाहताच परततात. व्यापारी कुटुंबांनी तरी तेथे पाच मिनिटे थांबावे.

शिवनेरी : साठवणुकीचे शास्त्र

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म ज्या गडावर झाला, तो शिवनेरी जुन्नर गावाच्या अगदी उशाला आहे. पायऱ्यांची वाट प्रशस्त आहे. लागोपाठ सात दरवाजे ओलांडीत, मुलांना आणि ज्येष्ठांना सोबत घेऊनही तासाभरात माथा गाठता येतो. वाटेत शिवाई देवीचे मंदिर आहे. माथ्यावर जन्मस्थानाची वास्तू, बदामी तलाव आणि टोकाचा कडेलोट आहे. कडेलोटावरून खाली कुकडीचे खोरे आणि समोर लेण्याद्रीचा डोंगर दिसतो.

मुलांना आवर्जून दाखवाव्यात अशा गोष्टी मात्र दोनच : अंबरखाना आणि गंगा-जमुना ही टाकी. अंबरखाना म्हणजे गडाचे धान्यकोठार. फ्रायर नावाचा एक इंग्रज वैद्य १६७३ मध्ये जुन्नरला आला होता. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा शिधा या गडावर असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. गंगा-जमुना टाक्यांत तर भर उन्हाळ्यातही पाणी असते. शत्रूचा वेढा पडला, तर गड तोफांच्या जोरावर जितका लढतो, तितकाच साठवलेल्या धान्याच्या आणि पाण्याच्या जोरावर टिकतो. मालाचा साठा आणि खेळते भांडवल यांचा ताळमेळ ज्यांना रोज घालावा लागतो, त्यांना हे शास्त्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

लेणी आणि ‘पोढी’

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. शिवनेरीच्या अंगाखांद्यावर काही आहेत. लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडी या डोंगरांत उरलेली. बहुतेक लेणी बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासासाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदली गेली. त्यांत सजावट बेताची आहे. दगड तासून काढलेल्या साध्या खोल्या, ओटे, सभामंडप आणि चैत्य यांचाच त्यांत भरणा आहे.

लेण्याद्री गावापासून सुमारे पाच किलोमीटरवर, कुकडीच्या पलीकडे आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढल्यावर तीस लेण्यांची ओळ लागते. त्यांतील सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती असल्याने येथे भाविकांची वर्दळ असते. शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृह मात्र बहुधा शांत असते. तुळजा लेण्यातील चैत्य गोल आकाराचा असून मध्यभागी स्तूप आणि भोवती बारा अष्टकोनी खांब आहेत. अशी रचना फारच दुर्मीळ आहे.

मानमोडीच्या डोंगरातील एका समूहाला अंबा-अंबिका लेणी म्हणतात. मूळ लेणी बौद्ध, परंतु उत्तरकाळात त्यांतील एका दालनात जैन प्रतिमा कोरल्या गेल्या. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची शासनदेवी अंबिका, तिच्यावरून हे नाव रूढ झाले. प्रतिमा आता झिजल्या आहेत. तरी आपल्या वाचकांनी ही जागा पाहावी. या डोंगरात आग्या मोहोळाची पोळी असतात. तेथे धूर करू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये आणि आरडाओरडा तर मुळीच करू नये.

या लेण्यांतील शिलालेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. त्यांत ‘पोढी’ हा शब्द वारंवार येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे आजच्या भाषेत व्यापारी संघाने, सात खोल्यांचे एक लेणे आणि एक पोढी दान दिल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने, दोन पोढ्या दिल्या. दुसऱ्या एका यवनाने भोजनमंडप दिला. क्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याने राजाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मानमोडीत एक पोढी व मंडप दिला.

पाण्याचे दान केवळ जुन्नरपुरते नव्हते. आपल्या मावळात, कामशेतजवळील पाले येथील लेण्यात ‘नमो अरहंताणं’ या शब्दांनी सुरू होणारा एक लेख आहे. इंद्ररक्षित नावाच्या भदंताने लेणे आणि पोढी करविल्याचे त्यात सांगितले आहे. प्रारंभीच्या या शब्दांमुळे अभ्यासकांनी त्याची गणना महाराष्ट्रातील आद्य जैन लेखांत केली आहे. पंथ कोणताही असो, दाता देशी असो वा परदेशी, डोंगरात येणाऱ्यासाठी प्रथम पाण्याची सोय करावी, याविषयी त्या काळी कोणाचे दुमत नव्हते.

येथे एक विरोधाभास नजरेआड करता येत नाही. प्राचीन दात्यांनी आपली नावे दगडात कोरली. आजचे पर्यटकही कोरतात. लेण्यांच्या भिंतींवर, गडाच्या तटावर खिळ्याने ओरखडलेली नावे जागोजागी दिसतात. पहिल्या नावापाशी टाक्यात पाणी आहे. दुसऱ्या नावापाशी काहीच नाही.

अक्षयनीवी : दोन हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेव

दान देणारा आज देईल. उद्याच्या देखभालीचे काय? या प्रश्नावर त्या काळच्या लोकांनी शोधलेले उत्तर पाहून निवृत्त बँक अधिकाऱ्याला संतोष वाटल्यावाचून राहत नाही. त्यांनी रक्कम किंवा उत्पन्न श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. जुन्नरच्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे अशी गुंतवणूक केल्याची नोंद आहे. आडुथुम नावाच्या एका शकाने तर वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तनांचे उत्पन्न वडाची झाडे लावण्यासाठी श्रेणीकडे सोपविले. पर्यावरण हा शब्दही रूढ नसलेल्या काळातील ही तरतूद आहे.

हा व्यवहार नेमका कसा चाले, हे नाशिकच्या लेण्यांतील एका लेखावरून स्पष्ट होते. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३,००० कार्षापण ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजदर ठरला. पहिल्या रकमेचे व्याज महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापण झाले. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा बरोबर २४०. हिशेब पैशापर्यंत जुळतो. पुढची अट तर सोन्यासारखी आहे : ही मुद्दल परत द्यायची नाही, तिचे केवळ व्याज भोगायचे. अशा कायम ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत.

जुन्नरचा निसर्ग आणि वारसा ही आपल्या सर्वांची अशीच अक्षयनीवी आहे. कड्यांवरचा वारा, पठारावरची फुले, टाक्यांतील पाणी आणि लेण्यांतील शांतता यांचा उपभोग घेणे म्हणजे व्याज भोगणे. कचरा टाकणे, टाक्यात साबण लावून हातपाय धुणे, भिंती खरवडणे, फुले तुडविणे हे मुद्दलात हात घालणे होय. मुद्दलातून उचल करणाऱ्या खातेदाराचे पुढे काय होते, हे व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही.

नाणेघाट : पाऊस आणि तहान

जुन्नरहून पश्चिमेस ३० ते ३५ किलोमीटर गेले की घाटघरच्या पुढे पठार अचानक संपते आणि पायाखाली कोकण उघडते. हा नाणेघाट. कड्यातील अरुंद नळीतून दगडी फरसबंदीची प्राचीन वाट खाली उतरते. मुखाशीच एक लेणे असून त्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांचे आकडे त्यात आहेत. भारतातील संख्याचिन्हांच्या इतिहासात या आकड्यांना मोठे स्थान आहे. भिंतीलगत राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आता त्यांची पावले आणि नावे तेवढी उरली आहेत. माथ्यावर एक प्रचंड दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकली जाई, असे परंपरा सांगते. कर भरण्याच्या त्रासाबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी त्या रांजणाशेजारी छायाचित्र जरूर काढावे. ही कुरकुर किती जुनी असेल, याची कल्पना येईल.

समोर जीवधन किल्ला आणि त्याला बिलगलेला वानरलिंगी सुळका आहे. जीवधनची वाट काही ठिकाणी अवघड आहे. अनुभवी सोबती आणि माहीतगार गावकरी घेतल्याखेरीज तेथे जाऊ नये. कुटुंबासह जाणाऱ्यांनी पठारावर तास-दोन तास फिरावे, तेवढे पुरेसे आहे.

पावसाळ्यात येथे कोकणातून वर चढणारा वारा इतका जोराचा असतो की कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर उडते. हा ‘उलटा धबधबा’ पाहण्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये झुंबड उडते. निसरडा कडा, दाट धुके आणि हातात भ्रमणध्वनी, हे तिन्ही एकत्र आले की अपघाताला आणखी काही लागत नाही. जवळच्या माळशेज घाटातही पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि धबधब्यांवर जाण्यास प्रशासन वेळोवेळी मनाई करते. तो आदेश आपल्या रक्षणासाठी असतो.

आपल्या परंपरेत चातुर्मासात साधु-साध्वी विहार थांबवतात. पावसाने जमिनीवर असंख्य जीव उगवतात आणि पावलागणिक त्यांची हिंसा होते, हे त्यामागील कारण सर्वांना ठाऊक आहे. जुन्नरची लेणीही वर्षावासासाठीच कोरली गेली. पावसात भटकू नये, एका जागी स्थिर राहावे, या विचारातून जी स्थळे निर्माण झाली, ती पाहायला आपण नेमक्या पावसातच गर्दी करतो, यावर विचार व्हावा. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार पुन्हा सुरू होतो. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ जुन्नरसाठी उत्तम. आकाश निवळलेले असते, वाटा कोरड्या असतात, हवा थंड असते आणि गर्दीही ओसरलेली असते. पिंपळगाव जोगे धरणाच्या जलाशयावर पाहुणे पक्षीही याच सुमारास येतात.

या निसर्गसौंदर्याची दुसरी बाजू पर्यटकांना सहसा दिसत नाही. ज्या पश्चिम पट्ट्यात पाऊस धो धो कोसळतो, तेथील आदिवासी वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. डोंगराचा खडक पाणी धरून ठेवत नाही. ते वाहून जाते. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांत ते अडते आणि कालव्यांनी दूरच्या तालुक्यांत जाते. उंचावरील वाडी मात्र तहानलेलीच राहते. प्राचीन लोकांनी माथ्यावर पोढ्या का खोदल्या, हे त्या वाड्यांत मे महिन्यात गेल्याशिवाय नीट समजत नाही.

खोडद : आकाश ऐकणारे गाव

मुलांसाठी आणखी एक स्थळ. नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे मीटर तरंगलांबीवर काम करणारी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना येथे उभारल्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरल्या आहेत. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प साकारला. भरीव पत्र्याऐवजी तारांची हलकी जाळी ताणून बसविल्याने वाऱ्याचा दाब कमी झाला, पोलाद कमी लागले आणि खर्च आटोक्यात राहिला. काटकसरीतून जागतिक दर्जाचे काम कसे उभे राहते, याचा हा वस्तुपाठ उद्योजकांच्या मुलांना दाखवावा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त येथे मोठे प्रदर्शन भरते. इतर वेळी पूर्वपरवानगी आवश्यक असते.

प्रवासाची आखणी

आपल्या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ज्यांना शक्य असेल त्यांनी गुरुवारीच जावे. शनिवार-रविवारची गर्दी टळते. पहाटे साडेपाचला निघाल्यास चाकणच्या चौकातील कोंडी चुकते आणि ऊन चढण्यापूर्वी शिवनेरी पाहून होतो. एका दिवसात शिवनेरी आणि लेण्याद्री ही जोडी पुरेशी आहे. नाणेघाट व कुकडीच्या उगमाजवळचे कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर यांसाठी दुसरा दिवस काढावा. मानमोडी, तुळजा आणि हापूसबाग यांसाठी तिसरा. सगळे एकाच फेरीत उरकण्याचा हट्ट धरू नये.

भोजनाची व्यवस्था आधी करावी. पश्चिम भागातील गावांत घरगुती जेवण मिळते. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचे आदल्या दिवशी दूरध्वनीवरून स्पष्ट सांगितल्यास तेथील भगिनी भाकरी, पिठले आणि हिरवी भाजी आपुलकीने करून देतात. या भागातील ‘मासवडी’च्या नावाने दचकू नये. ती बेसनाची असते, मासा केवळ आकारात. मात्र सारणात लसूण-कांदा असतो, म्हणून विचारून घ्यावे. सूर्यास्तापूर्वी जेवायचे असेल, तर हिवाळ्यात पाचच्या सुमारास ताटावर बसावे लागेल. त्यानिमित्ताने अंधारापूर्वी मुक्कामी किंवा महामार्गावर पोहोचण्याची चांगली सवयही लागते. तिचे आणखी एक कारण आहे. जुन्नरच्या उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. सांजवेळी शेतांच्या कडेने फिरू नये आणि लहान मुलांना एकटे सोडू नये.

खाकरे, थेपले घरून नेले तरी एक वेळचे जेवण गावातच घ्यावे, वाटाड्याला ठरलेली रक्कम घासाघीस न करता द्यावी आणि नारायणगाव परिसरातील द्राक्षे हंगामात शेतकऱ्याकडून थेट विकत घ्यावीत. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या न नेता घरचे मोठे भांडे व पेले गाडीत ठेवावेत. जेवढा कचरा झाला, तेवढा पिशवीत भरून निघोज्याला परत आणावा.

आपली पोढी

शेवटी एक सूचना, खास आपल्या वाचकांसाठी. समाजात दानाची वृत्ती कमी नाही. नवी पाण्याची टाकी बांधायची म्हटली की देणगीदार पुढे येतात, फलक लागतो, छायाचित्रे निघतात. दोन वर्षांनी तिचा नळ गळू लागतो, झाकण उडून जाते, गाळ साचतो. त्या दुरुस्तीच्या हजार-दोन हजारांसाठी मात्र कोणी पुढे येत नाही. कारण दुरुस्तीला फलक नसतो.

येथे अक्षयनीवीची पद्धत कामाला येईल. वीस कुटुंबांनी प्रत्येकी १०,००० रुपये काढले, तर २,००,००० रुपयांची ठेव होते. वार्षिक साडेसहा टक्के दर धरला, तर १३,००० रुपये व्याज मिळते. त्यातील ३,००० रुपये दरवर्षी मुद्दलात मिळवावेत, म्हणजे महागाईने होणारी ठेवीची झीज काही अंशी तरी भरून निघेल. उरलेल्या १०,००० रुपयांत एका वाडीची टाकी उन्हाळ्यापूर्वी धुऊन, तिचे नळ-झाकण दुरुस्त करून ठेवता येईल. ठेव नोंदणीकृत न्यासाच्या नावे असावी, सह्या किमान दोघांच्या असाव्यात, हिशेब दरवर्षी वाडीतील लोकांसमोर वाचावा. काम कोणते करायचे, हे आपण ठरवू नये, ग्रामसभेने ठरवावे. प्राचीन टाकी व लेणी संरक्षित स्मारके आहेत, त्यांना परवानगीशिवाय हातही लावू नये.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या श्रेणी आज नाहीत आणि ‘अक्षय’ म्हणविलेल्या त्या ठेवींचे व्याजही कोणाला मिळत नाही. राज्ये बुडाली, वाटा बदलल्या, संघ विसर्जित झाले. खडकात खोदलेल्या अनेक पोढ्यांत मात्र आजही पाणी साचते. जेथे गाळ उपसला गेला, तेथे ते वापरात आले. जेथे कोणी लक्ष दिले नाही, तेथे शेवाळ माजले. ठेवीला जागता विश्वस्त लागतो आणि टाक्याला गाळ काढणारे हात लागतात. ते कोणत्याही शिलालेखाने मिळत नाहीत, दर पिढीला नव्याने तयार करावे लागतात. म्हणून जुन्नरला जाताना मुलांना अवश्य सोबत न्यावे. त्यांना शिवनेरीवर गंगा-जमुना दाखवावी, धान्य-व्यापाऱ्यांच्या पोढीची हकिगत सांगावी आणि परतताना कचऱ्याची पिशवी त्यांच्या हाती द्यावी.